भारताचा अंतराळ कार्यक्रम आणि आपले गाव

ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत अंतराळ कार्यक्रमाच्या इतिहासावरील लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. अशा अंकात संस्थेचा पूर्वेतिहास, गावची देवस्थाने, नाट्यपरंपरा, जुन्या पिढीतील वाचक यांचा मान पहिला, हे प्रस्तुत लेखकासही मान्य आहे. परंतु ग्रंथालय ही शेवटी जगाकडे पाहण्याची खिडकी असते. गेल्या साठ वर्षांत आपल्या देशाने जगाकडे, आणि विशेषतः स्वतःकडे, पाहण्याची जी एक नवी खिडकी उघडली, तिचा हिशेब येथे मांडणे अप्रस्तुत ठरू नये. त्यातही या कार्यक्रमाचा सुर्ल्यासारख्या गावाशी प्रत्यक्ष संबंध आहे. तो संबंध काय आणि तो पुढे कसा राहावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

एका वयाचे सोबती

आपल्या भागातील शतायुषी ग्रंथालये ज्या काळात उभी राहिली, त्या काळाचे स्मरण प्रथम करू. गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. मराठी वाचणे आणि वाचावयास देणे हे केवळ मनोरंजन नव्हते, ते आपले अस्तित्व टिकविण्याचे साधन होते. त्याच सुमारास, १६ मार्च १९२६ रोजी, अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड या प्राध्यापकाने द्रव इंधनावर चालणारा पहिला अग्निबाण उडविला. तो जेमतेम अडीच सेकंद उडाला आणि एका शेतात जाऊन पडला. चंद्रापर्यंत पोहोचलेल्या सर्व वाटा त्या शेतातून निघाल्या.

अग्निबाण ही वस्तू मात्र आपल्याला परकी नव्हती. अठराव्या शतकातील मराठी फौजांत 'बाण' हे एक शस्त्रच होते. हैदर आणि टिपू यांच्या सैन्यातील लोखंडी नळ्यांच्या बाणांनी इंग्रजांना इतके बेजार केले, की पुढे विल्यम काँग्रीव्ह याने इंग्लंडमध्ये त्यांच्याच धर्तीवर आपले अग्निबाण बनविले. ज्या देशातून ही विद्या गेली, तेथे ती परत येण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

ती परत आली तो काळ गोमंतकीयांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६२ मध्ये, डॉ. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली भारताची अंतराळ संशोधन समिती स्थापन झाली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण आकाशात गेला आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी गोव्याच्या जनतेने आपल्या पहिल्या विधानसभेसाठी मतदान केले. या दोन घटनांत अवघे अठरा दिवसांचे अंतर. भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार खेडोपाडी मराठी शाळा उघडत होते, त्याच वर्षांत थुंब्याच्या वाळूत भारताचा अंतराळ कार्यक्रम रांगू लागला होता. मुक्त गोवा आणि हा कार्यक्रम असे एका वयाचे सोबती आहेत.

थुंब्याचा किनारा

थुंबा हेच गाव का निवडले गेले? पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते. त्या रेषेवर वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युत्प्रवाहाचा एक पट्टा असतो. त्याचा अभ्यास करण्यासाठी याहून सोयीची जागा जगात थोडीच होती. मात्र गाव कोळ्यांचे होते आणि मध्यभागी सेंट मेरी मॅग्डेलीन यांचे चर्च होते. साराभाईंनी तिरुवनंतपुरमचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांची भेट घेतली, बिशपांनी आपल्या भाविकांशी विचारविनिमय केला आणि ती जागा विज्ञानाच्या हाती दिली. चर्चच्या इमारतीत कार्यालय व कार्यशाळा थाटली गेली. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात असल्याचे त्या काळचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. तेथून उडालेला पहिला 'नायके-अपाची' अग्निबाण अमेरिकेने दिलेला होता. त्यातील सोडियम वायूचे उपकरण फ्रान्सचे होते. संध्याकाळच्या आकाशात उमटलेला नारिंगी पट्टा मात्र आपल्या किनाऱ्यावरून दिसला.

गरीब देशाने हा खटाटोप का करावा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. साराभाईंचे उत्तर साधे होते. चंद्रावर माणूस पाठविण्यात श्रीमंत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याचा आपला विचार नाही. शिक्षण, हवामान, शेती, दळणवळण हे आपल्या समाजाचे खरे प्रश्न सोडविण्यात प्रगत विज्ञानाचा वापर करावयाचा, आणि त्यात मात्र कोणाच्या मागे राहावयाचे नाही. वर जावयाचे ते खाली नीट पाहता यावे म्हणून, असा या विचाराचा सारांश सांगता येईल. पुढील सर्व इतिहास या एका कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे.

१५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, स्थापन झाली. ३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाईंचे अकाली निधन झाले. त्यानंतर प्रा. सतीश धवन यांनी हा डोलारा केवळ सावरला नाही, तर त्याला शिस्तबद्ध संस्थेचे रूप दिले.

तीन मराठी शिल्पकार

या पहिल्या पिढीत तीन मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, आणि मराठी ग्रंथालयाच्या अंकात त्यांची आठवण व्हावयास हवी.

पहिले डॉ. एकनाथ वसंत चिटणीस. १९२५ साली कोल्हापुरात जन्मलेले हे शास्त्रज्ञ अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत साराभाईंचे सहकारी झाले. अमेरिकेत विश्वकिरणांवर संशोधन करून ते १९६१ मध्ये परतले आणि अंतराळ समितीच्या कामात गुंतले. १९६८ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावरील श्रीहरिकोटा हे बेट प्रक्षेपणासाठी शोधण्याच्या कामात त्यांचाच पुढाकार होता. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे उडणाऱ्या अग्निबाणाला तिच्या गतीची आयती मदत मिळते; शिवाय जळालेले टप्पे वस्तीवर न पडता समुद्रात पडतात. पूर्व किनारा निवडण्यामागे हे कारण होते.

चिटणीसांचे दुसरे मोठे काम म्हणजे उपग्रहाद्वारे शिक्षणाचा प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविले गेले. आकाशातून येणारा संदेश पकडण्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या तबकड्या बनविल्या होत्या. शेती, आरोग्य, बालशिक्षण हे त्यातील विषय. राजधान्यांपूर्वी खेड्यांचा विचार करणारा असा प्रयोग जगात तोपर्यंत झाला नव्हता. गोवा आणि महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हते, पण त्या प्रयोगाची धुरा वाहणारा माणूस कोल्हापूरचा होता. चिटणीस शंभर वर्षांचे आयुष्य जगले. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

दुसरे डॉ. वसंत गोवारीकर. पुण्यात १९३३ साली जन्मलेले गोवारीकर इंग्लंडमधील उत्तम कारकीर्द सोडून १९६७ मध्ये थुंब्याला आले. घन इंधन हा त्यांचा विषय. घन इंधन म्हणजे नुसती दारू नव्हे. इंधन, प्राणवायू पुरविणारे रसायन आणि दोहोंना रबरासारखे बांधून ठेवणारे द्रव्य यांचे ते मिश्रण असते. त्यात एक बारीकशी भेग राहिली तरी ज्वाला तिच्यात शिरते आणि अग्निबाण फुटतो. हे इंधन देशातच तयार करण्याची विद्या गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हा आपला पहिला उपग्रह प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळला आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या प्रक्षेपकाने ३५ किलोग्रॅम वजनाचा 'रोहिणी' कक्षेत नेऊन ठेवला, तो हाच काळ. प्रकल्पाचे संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. प्रक्षेपकाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते.

गोवारीकरांचे नाव शेतकऱ्यांपर्यंत गेले ते निराळ्याच कारणाने. सोळा घटकांवर आधारलेले मोसमी पावसाच्या अंदाजाचे त्यांचे सूत्र हवामान खात्याने १९८८ पासून वापरले. अनेक वर्षे अंदाज बरे आले. २००२ चा दुष्काळ मात्र त्या सूत्राला सांगता आला नाही आणि दुसऱ्याच वर्षी खात्याने नवी सूत्रे स्वीकारली. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. चुकलेले सूत्र बाजूला ठेवून पुढे जाणे हाच विज्ञानाचा धर्म आहे. मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या गोवारीकरांचे २ जानेवारी २०१५ रोजी निधन झाले.

तिसरे श्री. प्रमोद काळे. थुंब्याच्या त्या पहिल्या उड्डाणाची उलटी गणती करणारा तरुण अभियंता तो हाच. पुढे इन्सॅट-१ या दळणवळण उपग्रहांच्या योजनेत त्यांनी मोठी जबाबदारी सांभाळली आणि १९९४ ते १९९९ या काळात ते विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते. पीएसएलव्ही या प्रक्षेपकाचे २० सप्टेंबर १९९३ चे पहिले उड्डाण फसले होते. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी दुसरे यशस्वी झाले आणि पुढे तो इस्रोचा सर्वांत भरवशाचा प्रक्षेपक ठरला.

या तिघांच्या जोडीला कारखान्यांतील अनामिक हातही होते. प्रक्षेपकांची पोलादी आवरणे वालचंदनगरला बनली, द्रव इंधनाची 'विकास' इंजिने विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाली. श्रीहरिकोट्याच्या ज्वाळेत मराठी मुलखातील घामाचाही वाटा आहे.

आकाशातील डोळा

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. या कार्यक्रमातील दूरसंवेदनाची शाखा, म्हणजे दुरून पाहून जमिनीविषयी जाणण्याची विद्या, नारळीच्या बागेतून सुरू झाली हे गोमंतकीय वाचकांस रुचेल. १९७० च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी केरळातील नारळीच्या मुळांच्या रोगाचा शोध हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरणांची छायाचित्रे घेऊन केला. निरोगी पान अवरक्त किरण भरपूर परावर्तित करते. रोगट पान तसे करीत नाही. बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला झाड हिरवे दिसत असतानाच छायाचित्रात त्याचा आजार उमटतो. हेलिकॉप्टरमधून जे साधले, तेच पुढे शेकडो किलोमीटर उंचीवरून साधावयाचे होते.

१९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून सोडलेला 'आर्यभट' हा आपला पहिला उपग्रह. १९७९ मध्ये 'भास्कर' आला आणि त्याने भूमीची चित्रे घेण्याचा सराव करून दिला. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा पूर्णार्थाने दूरसंवेदनाचा उपग्रह कक्षेत गेला. तो ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरत असे आणि पृथ्वी खालून सरकत असल्यामुळे बावीस दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येई.

या उपग्रहांची दृष्टी कशी सुधारत गेली, हे आकड्यांतून पाहण्यासारखे आहे. आयआरएस-१ए च्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील ७२.५ मीटर बाजूचा चौरस, अर्थात सव्वापाच हजार चौरस मीटरांहून अधिक जागा. आपल्याकडील लहानसे कुळागर, त्यातील माड, पोफळी, विहीर आणि घर, हे सारे एका ठिपक्यात मावे आणि दिसे फक्त त्यांचा सरासरी रंग. २८ डिसेंबर १९९५ रोजी गेलेल्या आयआरएस-१सी च्या कृष्णधवल कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरांचा होता. त्यात घर ओळखू येऊ लागले. २००५ च्या कार्टोसॅट-१ चा अडीच मीटरांचा, २००७ च्या कार्टोसॅट-२ चा एका मीटरहून लहान आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये गेलेल्या कार्टोसॅट-३ चा सुमारे पाव मीटरचा. तीस वर्षांत आकाशातील डोळा डोंगर पाहता पाहता अंगणातील तुळशीवृंदावनापर्यंत आला.

गोव्याचा या विद्येशी दुहेरी संबंध आहे. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय दोना पावला येथे आहे. २६ मे १९९९ रोजी गेलेल्या ओशनसॅट-१ या उपग्रहाने समुद्राचा रंग मोजावयास घेतला. पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींमुळे रंग बदलतो, जेथे त्या वनस्पती तेथे मासळी. त्यावरून मच्छीमारांना संभाव्य मासळीच्या क्षेत्रांची सूचना देता येते. दुसरा संबंध दूरचा वाटेल, पण तो वास्को शहरातून जातो. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच निघाली आणि ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही पुढे वास्कोलाच झाले. त्या बर्फाळ खंडावरील 'भारती' तळाजवळ आज इस्रोचे ग्रहणकेंद्र आहे. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह जवळजवळ प्रत्येक फेरीत ध्रुवाजवळून जातो, म्हणून त्याने काढलेली चित्रे तेथे उतरवून घेणे सोपे जाते.

सुर्ला नावाची दोन गावे

गोव्यात सुर्ला नावाची दोन गावे आहेत. एक डिचोली तालुक्यातील, पाळी-वेळग्याच्या शेजारचे, लोहखनिजाच्या पट्ट्यातील. दुसरे सत्तरीतील, सह्याद्रीच्या माथ्यावरचे, रानाने वेढलेले. त्याचेच नाव धारण करणारा नाला म्हादईच्या पाणीवाटपाच्या वादात वारंवार ऐकू येतो. नाव एक, पण एकाची चिंता जमिनीखालच्या खनिजाची तर दुसऱ्याची जमिनीवरच्या रानाची. आणि या दोन्ही चिंतांच्या संदर्भात गेल्या काही वर्षांत आकाशातील डोळ्याने साक्ष दिली आहे.

आधी खाणींचे पाहू. खाणींनी डिचोली तालुक्यात पैसा आणला, रोजगार आणला, ट्रक आणि बार्जी आणल्या. त्यांनीच टाकाऊ मातीचे डोंगर उभे केले, पावसात ती माती शेतांत आणि ओहोळांत उतरू लागली. न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने ते वार्षिक दोन कोटी टनांच्या मर्यादेत सुरू करण्यास वाट मिळाली आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन ते पुन्हा थांबले. या वादात एक प्रश्न सतत होता : खोदाई दिलेल्या हद्दीत झाली की हद्दीबाहेर? पूर्वी याचे उत्तर कागदांवर आणि शब्दांवर अवलंबून असे. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी केंद्रीय खाण मंत्रालयाने उपग्रहाच्या चित्रांवर आधारलेली देखरेख यंत्रणा सुरू केली. खाणपट्ट्याच्या सीमेबाहेर पाचशे मीटरांपर्यंतचा टापू ती तपासते. जमिनीचा रंग अकस्मात बदलला, की सूचना निघते आणि अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहावयाचे असते. डोंगर कधी कापला गेला, याची तारखेनिशी नोंद आता आकाशात होते.

दुसऱ्या सुर्ल्याची कथा पश्चिम घाटाची आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. तिने सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौरस धरून घाटाची संवेदनक्षमता ठरविली आणि अंतिम निर्णय ग्रामसभांशी बोलून व्हावा असे सुचविले. त्या अहवालावर वादळ उठल्यावर दुसरी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. के. कस्तुरीरंगन, म्हणजे १९९४ ते २००३ या काळातील इस्रोचे प्रमुख. या समितीने आपल्याच उपग्रहांची २४ मीटर ठिपक्याची चित्रे वापरून नैसर्गिक वने आणि माणसांनी घडविलेली भूमी वेगळी केली. २०१३ मधील तिच्या अहवालाने घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनक्षम ठरविला, आणि गाव हे एकक धरून गावांची यादी दिली. २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. जुलै २०२४ मध्ये निघालेला मसुदा सहावा होता.

या दोन समित्यांपैकी बरोबर कोण, हा निवाडा येथे करावयाचा नाही. पण दोन्हींतून एक धडा निघतो. गाडगीळांची पद्धत गावाला विचारण्यावर भर देणारी होती, पण तिचे चौरस मोठे होते. कस्तुरीरंगन यांची नजर बारीक होती, पण ती वरून होती. उपग्रहाला हिरवा रंग दिसतो; त्या हिरव्यात देवराई कोणती, काजूची बागायत कोणती, आणि ज्या झऱ्यावर उन्हाळ्यात सारा वाडा जगतो तो झरा कोठे, हे त्याला दिसत नाही. ते गावाला माहीत असते. उलट दहा वर्षांत डोंगर किती सरकला हे गावाला आठवते, पण सिद्ध करता येत नाही. ते उपग्रहाला येते. दोघांची साक्ष एकत्र आली तरच सत्य पुरे होते. ज्या गावाच्या हाती त्याचे स्वतःचे चित्र नाही, त्या गावावर वरून रेघ ओढली जाते, आणि मग त्या रेघेशी भांडण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही.

पुढील वाटचाल

एकविसाव्या शतकात कार्यक्रमाची दिशा विस्तारली. २००८ च्या चांद्रयान-१ ने चंद्रावरील पाण्याच्या शोधात भाग घेतला. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा उतरणारा 'विक्रम' कोसळला आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद उतरला. जानेवारी २०२४ मध्ये आदित्य-एल१ सूर्याच्या अभ्यासासाठी नियोजित स्थानी पोहोचले. जानेवारी २०२५ मध्ये दोन उपग्रह अवकाशात एकमेकांस जोडण्याची कला साधली. १९८४ च्या राकेश शर्मांनंतर जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळात गेले आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहिलेले पहिले भारतीय ठरले. 'गगनयान' या स्वदेशी समानव उड्डाणाची तयारी, २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, अशी पुढील उद्दिष्टे शासनाने जाहीर केली आहेत. खाजगी उद्योगांनाही २०२० पासून या क्षेत्राचे दार उघडले आहे.

या उद्दिष्टांचा अभिमान कोणास वाटणार नाही? तरीही साराभाईंची कसोटी विसरता कामा नये. माणूस पाठविण्याच्या स्पर्धेत उतरावयाचे नाही असे म्हणत जो कार्यक्रम सुरू झाला, तो आता माणूस पाठविण्याच्या उंबरठ्यावर आहे. काळ बदलला, सामर्थ्य वाढले, म्हणून ध्येयही वाढले, हे रास्तच आहे. पण मोठ्या मोहिमांच्या झगमगाटात खाली पाहणाऱ्या उपग्रहांचे काम दुय्यम ठरू लागले, तर ते आपल्यासारख्या गावांचे नुकसान होईल. १८ मे २०२५ रोजी भरवशाच्या पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा फसला आणि भूमीचे निरीक्षण करणारा एक उपग्रह गमवावा लागला. चांद्रयान-२ च्या वेळी साऱ्या देशाचे डोळे पाणावले होते; या उपग्रहासाठी फारसे कोणी हळहळले नाही. लोकांचे लक्ष कोठे असते, हे यावरून कळते.

सुदैवाने खाली पाहण्याचे कामही पुढे गेले आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'निसार' हा भारत आणि अमेरिकेचा संयुक्त उपग्रह गेला. गोव्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विशेष आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाणीची माती वाहते, दरड कोसळते, नदी फुगते ती याच महिन्यांत. नेमके तेव्हाच आकाश ढगांनी झाकलेले असते आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला काही दिसत नाही. निसार कॅमेऱ्याने पाहत नाही, तो रडारच्या लहरी सोडतो. त्या ढगांतून आणि अंधारातून पार जातात. बारा दिवसांनी तो पुन्हा त्याच जागेवर येतो आणि दोन वेळच्या लहरींची तुलना करून जमीन सेंटीमीटरभर जरी खचली असली तरी सांगू शकतो. मातीचा ढिगारा कोसळण्यापूर्वी सरकू लागतो; ते सरकणे भर पावसाळ्यात मोजता येणे ही आपल्या तालुक्यासाठी लहान गोष्ट नव्हे. शिवाय या उपग्रहाची माहिती सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्याचे ठरले आहे. २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणानेही पाच मीटर व त्याहून मोठ्या ठिपक्याची भारतीय चित्रे खुली ठेवण्याचे मान्य केले.

ग्रंथालयाचे काम

चित्रे खुली झाली. पण ती वाचणार कोण? खुले असणे आणि हाती असणे यांत अंतर आहे. ग्रंथ छापून दुकानात ठेवला म्हणजे तो गावात वाचला जातो असे नाही, म्हणूनच तर शंभर वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी ग्रंथालये काढली. उपग्रहाची चित्रेही तशीच आहेत. ती उतरवून घ्यावी लागतात, तारखेनुसार लावावी लागतात आणि कोणीतरी त्यांचा अर्थ सांगावा लागतो.

म्हणून प्रस्तुत लेखकाची एक नम्र सूचना आहे. दुसऱ्या शतकात प्रवेश करताना ग्रंथालयाने आपल्या परिसराच्या उपग्रहचित्रांचा एक संग्रह करावा. दर वर्षी पावसापूर्वीचे एक आणि पावसानंतरचे एक, अशी दोन चित्रे छापून, तारीख घालून, बांधून ठेवावी. मागील वर्षांची जी मिळतील तीही मिळवावी. त्या चित्रांवर गावातील जाणत्या माणसांना बोलावून डोंगर, ओहोळ, तळी, देवराया, शेतांचे बांध यांची नावे लिहून घ्यावी. ही नावे कोणत्याही उपग्रहाला ठाऊक नाहीत, आणि ती जाणणारी पिढी आता थकत चालली आहे. शाळेतील मुलांनी हे काम हाती घेतले तर भूगोल आणि विज्ञान दोन्ही त्यांना पुस्तकाबाहेर भेटतील. याला मोठा खर्च नाही. हवी आहे ती दरवर्षी न चुकता काम करण्याची चिकाटी, आणि ती तर ग्रंथालयांची जुनी सवयच आहे.

जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी' वाचून ज्यांनी आकाशाकडे पाहावयास प्रारंभ केला, अशी एक पिढी मराठी ग्रंथालयांनी घडविली. त्या पिढीने मान वर करून पाहिले. पुढच्या पिढीला वर पाहण्याबरोबरच वरून दिसणारे आपले गाव वाचताही यावे. थुंब्याच्या चर्चमध्ये सुरू झालेले कार्य सुर्ल्याच्या वाचनकक्षात येऊन पोहोचेल, तेव्हाच साराभाईंची कसोटी पुरी उतरली असे म्हणता येईल.